पॉलिश केलं तरी गाडीवर जाळं परत का येतं? स्वर्ल मार्क्सचा घरगुती बंदोबस्त

गाडी काळी आहे. निम्मी चूक तिथेच झाली, शोरूममध्ये रंग निवडताना. उरलेली निम्मी पुढची तीन वर्षं रोज सकाळी सव्वासहाला होत होती आणि तिचे मी महिन्याला ६०० रुपये देत होतो.

लक्षण सांगतो. सावलीत गाडी छान दिसते. रात्री पुण्यातल्या पौड रोडच्या पेट्रोल पंपावर पांढऱ्या दिव्याखाली उभी केली, की बॉनेटवर दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्यानं जाळं विणावं तशा बारीक गोल रेघा. यांनाच स्वर्ल मार्क्स म्हणतात. उन्हात तर विचारूच नका. धुऊन जात नाहीत. वॅक्स लावलं की जरा दबतात, पॉलिश करून आणलं की गायब, आणि महिन्याभरात पुन्हा हजर. मी दोनदा बाहेरून पॉलिश करून घेतलं. दोन्ही वेळा गाडी ताब्यात मिळाली तेव्हा आरसा होती आणि दोन्ही वेळा चौथ्या आठवड्यात जाळं परत. तिसऱ्यांदा पैसे मोजण्याआधी म्हटलं, एकदा हे प्रकरण मुळापासून बघू.

बघितल्यावर कळलं की तक्रार एक असली तरी दुखणी दोन आहेत. पहिलं म्हणजे, चरे कधी गेलेच नव्हते, नुसते बुजवले होते. दुसरं म्हणजे, ते गेले असते तरी आम्ही रोज नवे पाडत होतो. दुसऱ्याचा इलाज आधी केला नाही तर पहिल्यावर केलेले कष्ट पाण्यात जातात. पाण्यात म्हणजे अक्षरशः, बादलीतल्या.

हे चरे असतात कुठे

आजच्या बहुतेक गाड्यांवर पत्र्यापासून वर मोजत आलो तर प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक लॅकरचा थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. कंपनीतून आलेल्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन भरतात, त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनच्या आसपास. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आगेमागे असतो. म्हणजे जो थर आपण घासायला निघालोय तो केसाहूनही बारीक आहे, आणि तो एकदा संपला की पुन्हा रंगकामाशिवाय मिळत नाही. मशीन हातात घेण्याआधी एवढं डोक्यात पक्कं असू द्या.

जाळं म्हणजे या थरावरचे अतिशय उथळ चरे. गंमत अशी, की ते गोल दिसतात पण गोल नसतात. चरे सगळीकडे, सगळ्या दिशांनी पडलेले असतात. त्यातले जे प्रकाशाच्या ठिपक्याभोवती आडवे येतात तेवढेच चमकून डोळ्यात शिरतात, म्हणून ठिपक्याभोवती वर्तुळं झाल्यासारखी वाटतात. मोबाइलची टॉर्च बॉनेटवर धरा आणि सावकाश सरकवा. जाळंही टॉर्चबरोबर सरकेल. म्हणून ‘पार्किंगमध्ये गाड्या पुसणारे मामा गोल गोल पुसतात, म्हणून चरे गोल’ हे बरोबर नाही. सरळ पुसलं तरी जाळंच दिसणार.

आधी खात्री करा

टॉर्चबरोबर सरकलं तर ते स्वर्ल. सरकलं नाही, एकाच जागी एखादी ठसठशीत रेघ दिसत राहिली, तर तो एकटा खोल चरा आहे. त्यावर नखाची कड आडवी फिरवून बघा. नख अडकलं तर घरच्या पॉलिशनं तो जाणार नाही, नाद सोडा. नख अडकत नसेल तर त्या जागी बोटानं पाणी लावा. ओलं असेपर्यंत रेघ दिसेनाशी होत असेल तर ती क्लिअर कोटमध्येच आहे आणि बरीचशी कमी होईल. पाण्याखालीही पांढरी दिसत असेल तर चरा प्रायमरपर्यंत पोचलाय. तिथे टचअपची बाटली.

रेघांऐवजी पांढुरके गोल डाग असतील तर ती वेगळी तक्रार आहे. पुण्यात ती फार, कारण ज्या सोसायट्यांत वापरायला बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं तिथे ते जड असतं. गाडी धुऊन उन्हात तशीच सोडली की थेंब आटतो आणि त्यातला क्षार काचेवर, रंगावर चिकटून बसतो. नवा डाग असेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं करून ओल्या फडक्यानं मिनिटभर लावून धुवा, बहुतेक निघतो. जुना असेल तर त्यानं रंगाला खड्डा केलेला असतो आणि मग पॉलिशच लागतं.

तिसरा प्रकार होलोग्रामचा. उन्हात गाडीवर लांब लांब लाटा, धूर गोठल्यासारखा पट्टा, आणि आपण चालू तसा तो हलतो. हा कपड्याचा दोष नाही. हे कुणीतरी रोटरी मशीन, म्हणजे पॅड एकाच जागी नुसता गरगर फिरवणारं पॉलिशचं मशीन, घाईत फिरवल्याचं काम. माझ्या डिकीवर हे दोन्ही होतं, जाळंही आणि लाटाही. म्हणजे पॉलिशसाठी मी पैसे देऊन वर नवीन दुखणं घरी आणलं होतं.

आता बुजवलेले की घालवलेले, हे कसं ओळखायचं? औषधांच्या दुकानात किंवा ऑनलाइन आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं. एक भाग ते आणि तीन भाग पाणी फवाऱ्याच्या बाटलीत घ्या, स्वच्छ मायक्रोफायबरवर मारून बॉनेटचा हातभर तुकडा पुसा आणि टॉर्च धरा. बऱ्याच ग्लेझ (चमक आणणारा लेप) आणि वॅक्समध्ये तेलं आणि भरण करणारी द्रव्यं असतात. ती चऱ्यात बसून त्याच्या कडा झाकतात. अल्कोहोलनं ती निघाली की खरा चेहरा दिसतो. दुसऱ्यांदा पॉलिश करून आणल्यावर मी ही परीक्षा घेतली असती तर तिथल्या तिथे गाडी परत दिली असती. आता पॉलिशला गाडी टाकणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, पैसे द्यायच्या आधी एक कोपरा पुसून दाखवायला सांगा. जो कां-कूं करतो तो बुजवतोय.

खोबरेल तेल, पांढरी टूथपेस्ट, डिझेलचा बोळा हे उपाय ज्यांनी ऐकलेत त्यांच्यासाठी दोन ओळी. तेल आणि डिझेल वरच्यासारखंच बुजवतात, दोन दिवस गाडी झळकते आणि मग त्या तेलकटपणावर धूळ अशी चिकटते की पुढच्या पुसण्यात दुप्पट चरे. टूथपेस्टमध्ये घासणारे कण असतात हे खरं, पण ते दातांच्या हिशेबानं दळलेले असतात. मी डिकीच्या कोपऱ्यात करून बघितलंय. चरा तसाच आणि भोवती पुदिन्याच्या वासाचं धुरकट वर्तुळ.

खरा गुन्हेगार: फडकं

पुण्याची धूळ मऊ नाही. हा काळ्या कातळाचा मुलूख, बांधकामात नदीची वाळू मागे पडून क्रश सँड आली, आणि वाघोलीकडच्या खडीपासून बाणेर-हिंजवडीच्या साइटपर्यंत सगळीकडे दळलेला दगड हवेत. मेट्रोचं काम वनाजपर्यंत सुरू होतं त्या वर्षांत आमच्या खिडक्यांच्या कठड्यावर बोट फिरवलं तरी कचकच लागायची. तीच कचकच बॉनेटवर बसते, आणि तिच्यावरून आपण कोरडं फडकं ओढतो. धार लागलेला कण क्लिअर कोटहून कितीतरी कठीण, तो रेघ मारत जाणारच. पिसांचा झाडू, कापडाच्या झालरीचा डस्टर, शेजाऱ्यानं प्रेमानं दिलेला जुना बनियन, सगळ्यांचं काम एकच.

आमच्या पार्किंगमध्ये एक मामा गाड्या पुसतात. दोष त्यांच्या पदरात टाकून मोकळं होणं सोपं आहे, म्हणून मी एक दिवस सव्वासहाला खाली जाऊन उभा राहिलो. एक बादली, एक फडकं. पहिल्या गाडीनंतर पाणी चहासारखं. चौथ्या गाडीनंतर त्याचं वर्णन नको. माझी गाडी सातवी.

‘मामा, उद्यापासून माझ्या गाडीला फडकं लावू नका.’

‘का ओ साहेब? ओलं असतंय की. कोरडं मी लावतच नाही.’

‘ओलं आहे, पण तेच फडकं अठरा गाड्यांना लागतं ना?’

‘एकोणीस. बी विंगची नवी आलीय.’ त्यांनी फडकं पिळलं. बादलीच्या तळाशी खसखशीएवढी खडी बसलेली मला वरून दिसत होती. ‘आणि नळाला पाणी अर्धा तास सोडतात. एकोणीस बादल्या भरू कशा? मग मी करायचं काय? पैसे देणार आणि हात लावू नको म्हणणार?’

मुद्दा बिनतोड होता. तोड अशी निघाली की तेवढ्याच पैशात मामांनी चाकं, चाकांवरची कमान, काचा आणि आतली चटई करायची. वरच्या अंगाला हात फक्त माझा, आठवड्यातून एकदा. रोज गाडी पुसायची गरज नसते. धूळ नुसती बसलेली असली तर ती काही करत नाही, तिला हलवलं की ती चरे पाडते. हे पटायला मला महिना लागला. धुळकट गाडी घेऊन ऑफिसला जाताना सुरुवातीला लाज वाटायची, मग सवय झाली.

कव्हरबद्दल लोक विचारतात. बंद पार्किंगमध्ये धुतलेल्या गाडीवर घातलं तर चालेल. उघड्यावर, धुळीच्या गाडीवर, वारा सुटलेला असताना कव्हर म्हणजे गाडीच्या अंगावर टाकलेला सँडपेपरच, तो वाऱ्यावर रात्रभर घासत बसतो.

धुण्यात काय बदलायचं

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण पॉलिश दोन वर्षांतून एकदा होतं आणि धुणं शंभरदा.

गाडी सावलीत हवी आणि बॉनेट हाताला गार लागलं पाहिजे. सगळ्यात आधी नुसतं पाणी. प्रेशर वॉशर असेल तर उत्तम. नसेल तर नळी, तीही नसेल तर बागेला मारायचा पंपाचा फवारा. वरून खाली, जितकी माती हात न लावता जाईल तितकी जाऊ द्या. पावसाळ्यात मुळशी-ताम्हिणीकडून आलेली गाडी असेल तर हा टप्पा दुप्पट वेळ करा. तो तांबडा चिखल वाळला की हाताला मऊ वाटतो पण आत वाळू असते.

मग दोन बादल्या. एकीत कार शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मायक्रोफायबरचा किंवा लोकरी हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक पत्रा धुवायचा, मग साध्या पाण्याच्या बादलीत खळखळून त्यातली माती काढायची आणि पुन्हा शाम्पू. साध्या बादलीच्या तळाशी ग्रिट गार्ड नावाची प्लास्टिकची जाळी मिळते, तिच्याखाली बसलेली खडी परत वर येत नाही. पहिल्यांदा जाळी उचलून तळ बघितला तेव्हा बादलीभर पाण्यात चिमूटभर काळी रेती होती. ही एवढीशी रेती एरवी गाडीवर फिरत असते.

क्रम छत, काचा, बॉनेट, डिकी, दारांचा वरचा भाग, आणि शेवटी दारांचा खालचा भाग व बंपर. चाकांसाठी वेगळा मोजा, तो रंगाला कधीच लावायचा नाही. हात सरळ रेषेत, वजन न देता. मोजा खाली पडला की तो त्या दिवशी बाद, झटकून परत वापरायचा नाही. भांड्यांचं लिक्विड वापरू नका, ते वॅक्सही काढतं आणि मोजा घसरायला जो गुळगुळीतपणा लागतो तो देत नाही.

पाणी कमी असेल तर रिन्सलेस वॉश, म्हणजे नंतर पाण्यानं धुवावं न लागणारं द्रव, हा प्रकार पुण्याच्या फ्लॅटवाल्यांसाठी वरदान आहे. अर्ध्या बादलीत झाकणभर द्रव, सात-आठ मायक्रोफायबर त्यात भिजवून ठेवायचे, प्रत्येक पत्र्याला नवीन बाजू, वापरलेलं फडकं परत बादलीत नाही. पाच-सात लिटरात गाडी होते. चिखल माखलेला असेल तेव्हा मात्र आधी पाण्याची धार हवीच.

पुसायला जाड, मोठा ड्राइंग टॉवेल. तो पसरून नुसता ओढा किंवा टेकवा, रगडू नका. मायक्रोफायबर धुताना सुती कपड्यांत घालू नका, त्यांचे तंतू त्यात अडकतात. फॅब्रिक कंडिशनरही नको, त्यानं पाणी शोषणं बंद होतं. आणि नवीन फडक्याची शिवलेली लेबलं कापून टाका. मी कापली नव्हती आणि छतावर एका आठवड्यात त्यांची सही उमटली.

हे दोन महिने नीट जमलं, की मगच पॉलिशचं बघा.

पॉलिश

हातानं होतं का? थोडं. मऊ फोमचा अॅप्लिकेटर आणि बारीक कंपाउंड, म्हणजे घासणारे कण असलेली पेस्ट, घेऊन मी आधी एक दार हातानं केलं. चाळीस मिनिटं, दुसऱ्या दिवशी खांदा वर जाईना, आणि जाळं निम्म्याच्या आसपास कमी. दाराच्या मुठीखाली नखांचे जे चरे पडतात तिथे हातच बरा, कारण मशीन शिरत नाही. पूर्ण गाडीसाठी ड्युअल ॲक्शन पॉलिशर. त्यात पॅड गरगर फिरतोही आणि मधल्या बिंदूभोवती डोलतोही, त्यामुळे एकाच जागी उष्णता साठत नाही. ड्रिलला पॅड लावून करू नका. ड्रिल म्हणजे रोटरीच, आणि नवख्या हातात रोटरी काठावरचा रंग जाळते. माझं मशीन सहा हजारांच्या आतबाहेर पडलं. बारीकसारीक वस्तू, टेप, ब्रश, एक्स्टेन्शन वगैरे बोहरी आळीत आणि तपकीर गल्लीत मिळून एका फेरीत झाल्या. पॅड आणि कंपाउंड मात्र ऑनलाइन मागवले.

दिवस डिसेंबर-जानेवारीतला सकाळचा. एप्रिल-मे विसरा. चाळिशी गाठलेल्या उन्हाळ्यात काळ्या बॉनेटवर कंपाउंड टेकवताच वाळतं. वीज सोसायटीच्या कॉमन मीटरवरून घेतलीत तर सभेत विषय निघेल, म्हणून मी गॅलरीतून वायर सोडली. ७०० वॅटचं मशीन तीन तास चाललं तरी दोनच युनिटं होतात, पण ते सांगत बसण्यात अर्थ नाही.

गाडी धुवा. मग ओला हात प्लास्टिकच्या पातळ पिशवीत घालून पत्र्यावरून फिरवा. कणकण लागली तर क्ले बार, म्हणजे रंगावर रुतलेले कण उचलणारी मऊ मातीसारखी वडी, हवा: शाम्पूच्या पाण्यानं निसरडं करून क्लेचा चपटा गोळा हलक्या हातानं पुढे-मागे, काळा झाला की घडी घालून नवी बाजू. क्ले जमिनीवर पडला तर कचऱ्यात. क्लेनं स्वतःचे थोडे चरे पडतात, ते पुढे निघणारच आहेत. काळ्या प्लास्टिक पट्ट्या, रबर, अक्षरं यांवर मास्किंग टेप लावा. घड्याळ, अंगठी काढा, पट्ट्याचं बक्कल झाकलं जाईल असा एप्रन बांधा, आणि मशीनची वायर खांद्यावरून मागे टाका. बक्कलचं मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या मडगार्डवर तो चरा अजून आहे.

गाडी सेकंडहँड असेल किंवा कुठे ठोकून रंगवलेली असेल तर आधी थिकनेस गेजनं रंगाची जाडी मोजून घ्या. चांगले डिटेलर, म्हणजे गाडी पॉलिश करून देणारे, थोडक्या पैशात मोजून देतात. १०० मायक्रॉनच्या आसपास म्हणजे कंपनीचा रंग, २०० च्या वर म्हणजे पुन्हा रंगवलेलं, ५०० च्या वर म्हणजे खाली पुट्टी. सत्तर-ऐंशीच भरलं तर आधी कुणीतरी बरंच घासलंय, तिथे हात आखडता घ्या.

आता बॉनेटवर टेपनं दीड फूट बाय दीड फूट चौकोन आखा. हा नमुन्याचा तुकडा. सुरुवात नेहमी सौम्य जोडीनं: मध्यम मऊ पॅड आणि बारीक पॉलिश. जाळं गेलं तर थांबा, सगळी गाडी त्याच जोडीनं करा. नाही गेलं तर पॅड तोच ठेवून जास्त कापणारं कंपाउंड घ्या, तरीही नाही तर जास्त कडक पॅड. माझ्या गाडीला मेग्वायर्सचं अल्टिमेट कंपाउंड मध्यम पॅडवर आणि नंतर त्यांचंच २०५ नावाचं बारीक पॉलिश मऊ पॅडवर, असं लागलं. तुमच्या रंगाला वेगळं लागेल. कुणाचा क्लिअर कोट मऊ असतो, कुणाचा दगड.

नव्या पॅडवर कंपाउंड बोटानं पसरून घ्या, मग हरभऱ्याएवढे चार थेंब. मशीन बंद असताना पॅड पत्र्यावर टेकवून थेंब पसरा, वेग एक-दोन नंबरवर ठेवून लेप द्या, मग चार-पाच नंबर. हात सेकंदाला साधारण एक इंच. पहिल्यांदा हे इतकं सावकाश वाटतं की आपण झोपलो की काय. आधी आडव्या ओळी, प्रत्येक ओळ मागच्या ओळीवर निम्मी चढलेली, मग उभ्या, अशा मिळून चार-सहा फेऱ्या. पॅड सपाट. बॅकिंग प्लेटच्या, म्हणजे पॅड जिला चिकटतो त्या तबकडीच्या, कडेला मार्करनं एक काळी रेघ मारून ठेवा. ती फिरताना दिसली पाहिजे. रेघ थांबली म्हणजे पॅड नुसता थरथरतोय, काम बंद.

शेवटी लेप पारदर्शक, तेलकट पापुद्र्यासारखा दिसू लागतो. थांबा, मायक्रोफायबरनं पुसा, अल्कोहोलचा फवारा, पुन्हा पुसा, टॉर्च. मी पहिल्यांदा टेप काढली तेव्हा चौकोनाच्या बाहेर जाळं आणि आत काळोख, काठ चाकूनं कापल्यासारखा. घरातल्या सगळ्यांना खाली बोलावून दाखवलं. आई म्हणाली, ‘आता बाकीचीही कर, हे वाईट दिसतंय.’

कुठे अडतं

जाळं गेलं पण त्या जागी धुरकट तलम धूसरपणा आला, तर घाबरू नका. तो कडक पॅडनं केलेला आहे आणि मऊ पॅड, बारीक पॉलिश, कमी दाब यांनी निघतो. काळ्या गाडीला हा दुसरा हात टाळता येत नाही. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीला बहुतेकदा एकातच भागतं, त्यांचं सुख आम्हाला नाही.

पांढरी पूड फार उडतेय आणि लेप चिवट होऊन पुसताना सोलावा लागतोय? कंपाउंड जास्त झालं, पत्रा गरम आहे, किंवा पॅड भरलाय. प्रत्येक चौकोनानंतर मशीन हळू चालवत पॅडवर नायलॉनचा ब्रश धरायचा, साठलेलं सगळं उडून जातं. हे मी पहिल्या रविवारी केलं नाही आणि तिसऱ्या चौकोनापासून काम होणंच बंद झालं. दोष कंपाउंडला देत होतो. पूर्ण गाडीला त्याच जातीचे चार-पाच पॅड हवेत, एक नाही.

पॅड मध्येच थांबतो: दाब जास्त किंवा पॅड तिरका. दारांच्या फुगीर भागावर दाब कमी करा. बॉनेटच्या धारा, दाराच्या कडा, जिथे पत्रा वळतो तिथे रंग आधीच पातळ बसलेला असतो. तिथे मशीन नेऊ नका, टेप लावून शेवटी हातानं दोन फेऱ्या. बंपर प्लास्टिकचा, त्यातून उष्णता निघून जात नाही, तिथे वेग कमी आणि फेऱ्या कमी. हात लावून बघत राहा, कोमट चालेल, चटका नको.

पॅडवर गाडीचाच रंग यायला लागला तर लगेच थांबा. जुन्या गाड्यांच्या काही साध्या रंगांवर क्लिअर कोट नसतो. तिथे रंग येणारच, आणि काम फार हलक्या हातानं करायचं. पण धातूची चमक असलेल्या रंगात पॅड रंगला तर तुम्ही क्लिअर कोट ओलांडलाय. नुकत्याच रंगवलेल्या पत्र्याला महिना-दीड महिना मशीन लावू नका, आतलं सॉल्व्हंट उडायचं असतं.

आणि दोन-चार हट्टी चरे राहतात. राहू द्या. माझ्या हिशेबानं दहातले आठ गेले की काम झालं. उरलेल्या दोनांसाठी पुन्हा पुन्हा कंपाउंड मारणारे दोन वर्षांत क्लिअर कोट खाऊन बसतात.

मला पूर्ण गाडीला तीन रविवार लागले. एका दिवसात करायला जाऊ नका. दुपारनंतर हात जड होतो आणि मशीन काठावर जातं.

पुढे

पॉलिश झालेला रंग उघडा असतो, त्याच दिवशी सीलंट (वॅक्ससारखाच, पण कृत्रिम संरक्षक लेप) किंवा वॅक्स लावा. वॅक्स आपल्या उन्हात आणि पावसात दीड-दोन महिने, सीलंट त्याहून बरं. सिरॅमिक कोटिंगबद्दल माझं मत थोडं कडू आहे. त्यानं पाणी घरंगळतं, धूळ सहज सुटते, हे खरं. पण त्यावर चरे पडत नाहीत हे विकणाऱ्याचं बोलणं. धुळीच्या फडक्यापुढे कोटिंगचंही काही चालत नाही. आणि जाळ्यावर कोटिंग केलंत तर जाळं आत राहणार, पैसे बाहेर. धुण्याची शिस्त लागली असेल तर जरूर करा.

होळी-रंगपंचमीला गाडीवर कोरडा रंग पडला तर पुसू नका, पाण्यानं उडवा. पक्ष्यांची विष्ठा मात्र तशीच राहू देऊ नका, ओला टिश्यू पाच मिनिटं वर ठेवून मऊ करून उचला. तिच्यात खरखरीत कण असतात, घासलीत तर चरा आणि ठेवलीत तर डाग. आमच्या रस्त्यावरच्या पर्जन्यवृक्षाखाली गाडी लावणाऱ्यांना ही सवय करून घ्यावीच लागते.

पॅड त्याच संध्याकाळी कोमट पाण्यात शाम्पू घालून धुवा. दाबून पाणी काढा, पिळू नका, पिळलं की वेल्क्रो सुटतं. फोमची बाजू खाली करून सावलीत वाळवा, पूर्ण वाळल्यावर झाकणाच्या डब्यात एकेक पिशवीत. माझे पहिले दोन मऊ पॅड मी गॅलरीच्या कठड्यावर वाळत घातले होते. संध्याकाळी बघतो तर एकावर कबुतर बसलेलं आणि दुसऱ्यात त्याच्या पायाची माती. दोन्ही टाकून दिले, साडेनऊशे रुपये.